युएजू म्हणजेच शाओशिंगचा ऑपेरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चायनीज ऑपेरा म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना पेकिंग ऑपेराच आठवतो, रंगवलेले चेहरे, झांजांचा दणका, कोलांट्या उड्या. युएजू वेगळा आहे. यात मारामारी कमी आणि गाणं जास्त, मेकअप हलका, आणि स्टेजवरचा राजपुत्रही बाई आणि राजकन्याही बाई. ओळखीच्यांना क्लिप पाठवल्या की तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. गाण्याबद्दल जास्त लिहिलंय कारण माझा जीव तिथेच अडकलाय.

हा ऑपेरा मूळचा कुठला?

पूर्व चीनमधला झेजियांग प्रांत, त्यातल्या शाओशिंग भागातलं शेंगशियान, ज्याला आता शेंगझोउ म्हणतात. डोंगराळ भाग, शेती कमी, गरिबी भरपूर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथले काही शेतकरी कामं नसली की दारोदार फिरून गोष्टी गाऊन सांगायचे. नाटक वगैरे काही नाही, एक दोन माणसं, हातात वाजवायला लाकडाचे तुकडे, आणि समोर ज्याच्या अंगणात उभे आहोत तो घरमालक. नवीन वर्षाच्या दिवसात गेले तर बदल्यात तांदळाचे केक मिळायचे. पुढे हे लोक हांगझोउ, हुझोउकडच्या चहाच्या दुकानांत बसून गायला लागले, तिथे श्रोता पैसे टाकून ऐकणारा, त्यामुळे चाली सुधाराव्याच लागल्या.

मग त्याचं नाटक कधी झालं?

याची तारीख सांगतात, २७ मार्च १९०६. शेंगशियानमधल्या दोंगवांग नावाच्या गावात. एरवी गोष्ट सांगणारा एकटाच सगळ्यांची बोलणी गायचा, त्या दिवशी गायकांनी पात्रं वाटून घेतली आणि उभं राहून खेळ केला. स्टेज कसलं तर भात झोडायच्या मोठ्या लाकडी पेट्या उलट्या घातल्या आणि वर दारांच्या फळ्या टाकल्या, कपडे गावातल्या बायकांकडून मागून आणलेले. सगळे कलाकार पुरुष. साथीला तंतुवाद्य नव्हतंच, फक्त एक छोटा ढोल आणि लाकडी टाळ्या, त्यांचा आवाज दी-दू दी-दू असा येतो म्हणून लोकांनी त्याला दीदू बान म्हणजे दीदूवाल्यांची मंडळी असंच नाव ठेवलं.

हे लक्षात ठेवा कारण तंतुवाद्याशिवाय गायची ही सवय पुढे ऑपेरा मोठा, श्रीमंत, शहरी झाल्यावरही गेली नाही. खाली छिंगबानबद्दल लिहिलंय तिथे हेच परत येईल.

म्हणजे हा फार जुना नाही?

नाही, आणि मला तेच सगळ्यात भारी वाटतं. चीनमधला कुन ऑपेरा काही शतकं जुना आहे, युएजूचं वय सव्वाशे वर्षंसुद्धा नाही. त्यामुळे कुठली चाल कोणी, कुठल्या खेळात, कोणाच्या साथीला बसवली हे बरंचसं नावानिशी माहीत आहे. परंपरा म्हणजे कुठूनतरी आपोआप आलेली गोष्ट असं आपण धरून चालतो, इथे ती बनवणाऱ्या बायकांची नावं घेता येतात, त्यांची रेकॉर्डिंग ऐकता येतात, काहीजणी तर एकविसाव्या शतकातही होत्या.

सुरुवात पुरुषांनी केली तर सगळ्या बायकाच कशा आल्या?

१९१७ मध्ये ही पुरुषांची मंडळी शांघायला गेली. पहिल्यांदा कोणी विचारलं नाही, खेड्यातलं गाणं शहरात कोण ऐकणार. पेकिंग ऑपेरा आणि शाओशिंगमधल्याच एका जुन्या ऑपेराकडून हालचाली, कपडे, वाद्यं शिकत शिकत त्यांनी जम बसवला. त्याच काळात शांघायमध्ये मुलींच्या ऑपेरा मंडळ्या चालायच्या. ते बघून वांग जिनश्वेइ या व्यापाऱ्याने १९२३ मध्ये आपल्या शिजियाआओ गावात मुलींसाठी वर्ग काढला, वीसेक मुली, बहुतेक अगदी लहान, शिकवायला जिन रोंगश्वेइ नावाचे जुने गायक. पुढच्या वर्षी या मुली शांघायच्या स्टेजवर गेल्यासुद्धा. फारसं यश आलं नाही पण गावागावात असे वर्ग निघायला लागले, कारण गरीब घरातल्या मुलीला एकतर कमी वयात लग्न, नाहीतर गिरणी, नाहीतर हे.

खरी लाट आली १९३८ पासून. जपानने चीनवर हल्ला केला होता, झेजियांगमधून माणसं जीव मुठीत धरून शांघायच्या परदेशी वस्त्यांत येत होती, तिथे काही वर्षं तुलनेनं शांतता होती. त्यांच्याबरोबर याओ श्वेइजुआनसारख्या गायिका आल्या आणि समोर प्रेक्षकही आपल्याच गावचा, गिरणीकामगार बायका, घरकाम करणाऱ्या बायका, व्यापाऱ्यांच्या बायका. त्यांना स्टेजवर आपली भाषा आणि आपली दुःखं ऐकायची होती. थोड्याच वर्षांत पुरुष मंडळ्या मागे पडल्या आणि संपल्या. युएजू हे नाव पण याच सुमारास रूळलं, युए हे त्या भागातल्या प्राचीन राज्याचं नाव.

आपल्या बालगंधर्वांचं उलटं झालं म्हणायचं का?

वरवर बघितलं तर हो, तिकडे पुरुष बाई व्हायचा, इकडे बाई पुरुष होते. पण कारण वेगळं आहे. आपल्याकडे बायकांना स्टेजवर येणं मुश्किल होतं म्हणून पुरुष स्त्रीपार्ट करायचे. युएजूमध्ये पुरुष आधी होतेच, बायकांनी येऊन त्यांची जागा घेतली, आणि प्रेक्षकांनी, त्यातही बायकांनी, त्यांना उचलून धरलं. बाईने केलेला तरुण पंडित हळवा असतो, ऐकून घेणारा असतो, रडतो, आणि बघणाऱ्या बायकांना तोच हवा होता असं मला वाटतं.

गाणं ऐकायला वेगळं काय लागतं? पेकिंग ऑपेरासारखा चिरका आवाज का नाही?

पेकिंग ऑपेरात नायिका आणि तरुण नायक हे चोरट्या (फॉल्सेटो), वरच्या आवाजात गातात. युएजूमध्ये पाया मोकळ्या, नैसर्गिक आवाजाचा, वर जाताना काही गायिका चोरटा आवाज मिसळतात पण मुळात बाई ज्या आवाजात बोलते त्याच आवाजात गाते. पुरुषपात्र करणारी गायिका आवाज जाडा करायचा अट्टहास करत नाही, ती फक्त खालच्या पट्टीत, छातीतून, सरळ गाते. म्हणून नवख्या कानाला हे लगेच जवळचं वाटतं.

दुसरं म्हणजे भाषा. गाणं शेंगशियानच्या बोलीवर उभं आहे, ती वू भाषेतली. बीजिंगच्या चिनीत आता नसलेला एक प्रकार या बोलीत टिकलाय, काही शब्द घशात टक्कन तोडून संपतात. गाण्यात हे फार सुंदर वापरतात, तोडलेला शब्द आला की गायिका तिथे क्षणभर थांबते आणि मग स्वर पुढे नेते. शब्द कळले नाहीत तरी हा झटका ऐकू येतो. बाकी चीनमधल्या लोकांनाही सगळे शब्द कळत नाहीत बरं का, थिएटरात स्टेजच्या बाजूला पडद्यावर ओळी दाखवतात.

सिगोंग, छि, श्यानश्या हे काय प्रकार आहेत? राग आहेत का?

राग नाहीत. गाण्याच्या मुख्य चाली म्हणा, आणि त्या ओळखायच्या कशावरून तर साथीच्या मुख्य सारंगीवजा वाद्याच्या तारांवरून. या वाद्याला झुहू म्हणतात, दोनच तारा, गज दोन तारांच्या मधून फिरतो. दोन्ही तारांत अंतर नेहमी सा-प एवढंच, पण मोकळ्या तारेला कुठला स्वर मानायचा ते बदललं की सगळं बदलतं. सिगोंगमध्ये मोकळ्या तारा ध आणि ग. छिमध्ये प आणि रे. श्यानश्यामध्ये सा आणि प. म्हणजे सा ची जागाच सरकली, त्यामुळे गळा कुठे विसावतो, ओळ कुठे संपते, कुठल्या स्वरावर रेंगाळायचं, सगळंच नवीन.

सिगोंग आधीचं, मुलींच्या मंडळ्या सुरू झाल्यावर पुरुषांच्या पट्टीत मुलींना गाता येईना म्हणून पेकिंग ऑपेरातल्या शीपी चालीसारख्या तारा लावून बसवलेलं. हसरं, चटपटीत, उजळ. गावातली नोकझोक, लग्नाची गडबड याला मस्त. पण रडायचं कसं? सिगोंगमध्ये खोल दुःख मावेना, आणि १९४० च्या दशकातल्या शांघायमध्ये बायकांचे जे विषय स्टेजवर येत होते त्यात दुःखच जास्त होतं.

छि चाल कशी निघाली ते जरा नीट सांगाल का?

नक्की, हा तर माझा सगळ्यात आवडता किस्सा. नोव्हेंबर १९४३, शांघाय, शियांगफेइ नावाचं नाटक. नायिका युआन श्वेफन, वय एकवीस. प्रसंग असा की बादशहाच्या महालात आणलेल्या राणीसमोर तिच्या नवऱ्याचं कापलेलं डोकं येतं आणि ती आक्रोश करते. युआन श्वेफन त्या प्रसंगात इतकी शिरली की ठरलेली सिगोंगची चाल सुटली आणि तोंडातून वेगळंच काहीतरी यायला लागलं. साथीला झोउ बाओत्साई होते. त्यांनी तिला मागे खेचलं नाही, पेकिंग ऑपेरातल्या एर्हुआंग चालीसारख्या प-रे अशा तारा धरून तिच्या मागोमाग गेले. नंतर दोघांनी त्यावर काम करून ती नीट बसवली. बाकीच्या गायिकांनी ती उचलली आणि काही वर्षांत छि चाल ही युएजूची मुख्य चाल झाली, आजही तीच आहे.

१९४५ मध्ये त्याच झोउ बाओत्साईंनी फान रुइजुआनबरोबर श्यानश्या चाल बसवली, खाली ज्या खेळाबद्दल लिहिलंय त्याचा नायक लियांग शानबो मरायला टेकलाय त्या प्रसंगासाठी. फान रुइजुआन पुरुषपात्र करायच्या, आवाज रुंद आणि भरदार, आणि त्या चालीत तो आवाज असा काही उतरतो की आईशी बोलणारा मरणारा मुलगा डोळ्यासमोर उभा राहतो. दोन मोठ्या चाली, दोन गायिका आणि एकच वादक. झोउ बाओत्साईंचं नाव फार कमी लोक घेतात, घ्यायला हवं.

छिंगबान म्हणजे काय? सगळे त्याच्यावर एवढे फिदा का असतात?

चालू गाण्यात अचानक सगळी वाद्यं थांबतात, राहतो फक्त लाकडी टाळीचा ठोका आणि गायिकेचा आवाज. त्याला छिंगबान म्हणतात. दहा दहा, वीस वीस ओळी अशा जातात. सूर धरायला खाली कोणी नाही, शब्द स्पष्ट हवेत, लय सुटता कामा नये, आणि कथा पुढे सरकत राहते. शेवटच्या ओळीच्या टोकाला झुहू परत येतं तेव्हा सूर तंतोतंत जुळलेला असतो, आणि नेमक्या त्या जागी टाळ्या पडतात. अंगणात उभं राहून टाळीवर गोष्ट सांगणारा तो शेतकरी या छिंगबानमध्ये जसाच्या तसा जिवंत आहे, फरक एवढाच की आता त्याची जागा रेशमी बाह्यांच्या बाईने घेतलीय.

याच्या अगदी उलट श्याओबान, खाली ठोका भराभर चाललेला आणि वर आवाज मात्र मोकळा, लांबवलेला. भांडण, आक्रोश, पळापळ असली की हे येतं.

घराणी असतात का?

असतात, तेरा मानतात साधारण. आणि घराण्याचं नाव म्हणजे ते सुरू करणाऱ्या गायिकेचं आडनाव, सगळ्या त्याच पिढीतल्या. प्रत्येकीने आपल्या गळ्याची मर्यादा ओळखून त्यातूनच शैली काढली. यिन ग्वेइफांग यांचा आवाज फार वर जायचा नाही, मग त्यांनी खालचे स्वर गोड आणि गोलाईदार केले, शब्दाची सुरुवात हळुवार आणि शेवट वळणदार, आज पुरुषपात्र शिकणाऱ्या मुलींमध्ये यिन घराणं फार लोकप्रिय आहे. शू यूलान त्याच्या विरुद्ध, आवाज उंच, खणखणीत. फू च्युआनशियांग मोकळा आणि चोरटा आवाज सहज जोडायच्या, त्यांच्या ताना नक्षीदार. ची याशियान यांची चाल अगदी साधी, मोजकेच स्वर, तरी विलाप गायला लागल्या की ऐकवत नाही. माझं मत विचाराल तर आधी यिन आणि ची ऐका, कमी साधनांत केवढं मोठं काम होतं ते त्यांच्यात दिसतं.

१९४२ च्या सुधारणा म्हणजे नक्की काय बदललं?

त्याआधी लिहिलेली संहिता नसायचीच. पडद्यामागे प्रसंगांची यादी लावलेली, कोण कधी येणार एवढं ठरलेलं, बाकी संवाद आणि गाणी कलाकार स्टेजवरच रचायचे. ऑक्टोबर १९४२ मध्ये युआन श्वेफन दालाइ थिएटरमध्ये आल्या त्याच सुधारणांची अट घालून, दिग्दर्शक आणि लेखकांसाठी स्वतःच्या पगारातले पैसे घातले. लिहिलेली संहिता, तालीम, प्रसंगाप्रमाणे नेपथ्य, लाइटिंग, फिक्या रंगाचे मऊ कपडे, सगळं आलं. अभिनय आधुनिक बोलपटांकडून आणि गद्य नाटकांकडून घेतला, आणि हातापायांची नजाकत, बाह्यांचं काम, चालणं हे कुन ऑपेराकडून. युएजूवाले म्हणतातच की गद्य नाटक आणि कुन ऑपेरा या आमच्या दोन दाया.

१९४६ मध्ये त्यांनी आधुनिक चिनी लेखक लू शुन यांच्या कथेवरून शियांगलिन साओ केलं, दोनदा विधवा झालेल्या मोलकरणीची गोष्ट. लू शुन स्वतः शाओशिंगचे. ना राजपुत्र, ना बाग, आणि तरी ते चाललं. त्याच वर्षी युआन श्वेफनवर भर रस्त्यात विष्ठा फेकण्यात आली. श्रीमंतांच्या घरी खाजगी मैफलीला त्या जायच्या नाहीत, कोणाला मानलेला बाप करून घ्यायच्या नाहीत, आणि आता अशी नाटकं करत होत्या, काहींना ते सहन झालं नसणार हे उघड आहे.

दहा बहिणी कोण?

१९४७ च्या उन्हाळ्यात वेगवेगळ्या मंडळ्यांतल्या दहा मोठ्या गायिका एकत्र आल्या आणि शानहे ल्यान नावाचं नाटक केलं. हेतू पैसे जमवून स्वतःच्या मालकीचं थिएटर आणि शाळा काढायची, म्हणजे थिएटरमालकांच्या हाताखाली राहायला नको. युआन, फान, फू, यिन, शू सगळ्या त्यात. थिएटर काही झालं नाही. आणि त्याच ऑक्टोबरमध्ये दहांपैकी एक, श्याओ दानग्वेइ, हिने बदनामी आणि छळाला कंटाळून जीव दिला. वय सत्तावीसच्या आसपास. या गाण्यातलं रडणं खोटं का वाटत नाही असं कोणी विचारलं की मी त्यांना हे सांगते.

सगळ्यात प्रसिद्ध खेळ कुठला?

लियांग शानबो आणि झू यिंगताई. मुलगी मुलाचा वेष करून शिकायला जाते, वर्गमित्राच्या प्रेमात पडते, त्याला कळतच नाही. घरी परत निघाल्यावर तो तिला पोचवायला येतो, तो अठरा टप्प्यांचा निरोपाचा प्रवेश अवश्य बघा. वाटेत जोडीने पोहणारे पक्षी दिसतात, विहिरीत दोघांची प्रतिबिंबं दिसतात, देऊळ लागतं, प्रत्येक ठिकाणी ती सुचवते की मी मुलगी आहे आणि तो बिचारा ढिम्म. बाई पुरुषाचं काम करतेय आणि शेजारी बाईच बाईचं काम करतेय जी पुरुष असल्याचं सोंग घेतेय, एवढा गुंता असून बघताना काही अडत नाही.

युआन आणि फान यांनी केलेला याचा सिनेमा १९४९ नंतरच्या नव्या चीनमधला पहिला रंगीत सिनेमा. १९५४ च्या जिनिव्हा परिषदेत चौ एन लाय यांनी तो परदेशी पाहुण्यांना दाखवला, चीनचा रोमिओ ज्युलिएट अशी ओळख करून देऊन. १९५९ मधला याच नावाचा व्हायोलिन कॉन्चेर्टो तुम्ही कदाचित ऐकलाही असेल, तो युएजूच्याच चालींवरून केलाय.

त्यानंतर त्याच नावाच्या जुन्या चिनी कादंबरीवरचं लाल महालाचं स्वप्न, १९५८ मध्ये स्टेजवर, १९६२ मध्ये सिनेमा, शू यूलान नायक बाओयू आणि वांग वनजुआन नायिका लिन दाइयू.

पुरुष आता अजिबात गात नाहीत का?

गातात. १९५० च्या दशकात पुरुषांना परत घेतलं. अडचण पट्टीची. बायकाच दोन्ही पात्रं करतात तेव्हा द्वंद्वगीत एकाच पट्टीत आरामात होतं, खरा पुरुष आला की एकतर त्याला फार उंच पडतं नाहीतर तिला फार खाली. यावर बरेच उपाय झाले, मध्येच सा बदलणं वगैरे, झाओ झिगांगसारखे पुरुष कलाकार खूप लोकप्रियही झाले. तरी प्रेक्षकांची ओढ आजही बायकांच्या मंडळ्यांकडेच जास्त आहे आणि माझीही.

सांस्कृतिक क्रांतीत काय झालं?

बंद. जुने खेळ बंद, कलाकारांचे हाल. यिन ग्वेइफांग यांना छळामुळे अर्धांगवायू झाला. दहा बहिणींपैकी झू श्वेइझाओ १९६८ मध्ये गेल्या. १९७८ मध्ये लाल महालाचा सिनेमा परत लागला तेव्हा लोक तुटून पडले. १९७९ मध्ये अर्धं अंग लुळं असलेल्या यिन ग्वेइफांग शांघायच्या स्टेजवर बसून गायल्या.

आज कोणी बघतं का?

बघतात. १९८० च्या दशकात झेजियांगमध्ये तरुण मुलींची श्याओबाइहुआ मंडळी उभी राहिली, पुरुषपात्र करणाऱ्या माओ वेइताओ तिथल्याच. २००६ मध्ये युएजू चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत आला. आणि २०२३ मध्ये हांगझोउच्या छोट्या थिएटरमध्ये, प्रेक्षकांच्या मधून फिरत केलेल्या एका नव्या खेळातली चेन लीजुनची क्लिप चीनभर व्हायरल झाली, पुरुषवेषातली ती नायिकेला उचलून गर्रकन फिरवते ती. त्या क्लिपमुळे आलेली कितीतरी तरुण मुलं पुढे छिंगबान ऐकायला थांबली याचा मला मनापासून आनंद आहे.

मी कुठून सुरुवात करू?

सर्च करताना एक लक्षात ठेवा, रोमन लिपीत युएजू लिहिलं की कँटनचा ऑपेरा पण येतो, तो पूर्ण वेगळा, त्यामुळे बरोबर शाओशिंग टाका. आधी अठरा टप्प्यांचा निरोप बघा, सोपा आणि हसरा. मग लाल महालाच्या सिनेमातली पहिली भेट, आभाळातून धाकटी बहीण लिन पडली असं म्हणत बाओयू गातो ते, शू यूलान यांचा आवाज तिथे लखलखीत आहे. त्याच सिनेमात शेवटाकडे दाइयू कविता जाळते ते वांग वनजुआन यांचं गाणं हेडफोन लावून ऐका. शब्द कळावेत म्हणून सबटायटल असलेली कॉपी शोधा पण दुसऱ्यांदा ऐकताना ती बंद करा आणि फक्त झुहू कधी थांबतं आणि कधी परत येतं तेवढ्यावर लक्ष ठेवा. हे जमलं की युआन श्वेफन यांचं शियांगलिन साओ घ्या, त्याआधी नको, ते फार जड आहे.